पाण्यात तू, घरात तुम्ही

वहिनी, शेवटचे पाच महिने मी तुला परत ‘तुम्ही’ म्हणायला लागले होते. तुझ्या ते लक्षात आलं होतं. तू काही बोलली नाहीस, मीही बोलले नाही. आता तुझं तेरावं होऊन गेलं, तुझी लेक पल्लवी पुण्याला परत गेली, खालच्या मजल्यावर दादा आणि आई दोघंच उरलेत, आणि मी वर शिकवणीच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. तुला ‘तू’ म्हणायचा हक्क मला अजून आहे की नाही, माहीत नाही. तरी म्हणते.

तो हक्क तूच दिला होतास. मी अमरावतीहून लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा तू या घरातली, आईंची मोठी सून होतीस, दादांची बायको, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मोठ्या जावेला अगंतुगं करायची आमच्याकडे रीत नव्हती, तुमच्याकडेही नव्हती. वीस वर्षं तू मला शुभा आणि मी तुला अलकावहिनी, तुम्ही. मग तुझे गुडघे धरले, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि एकटीनं पूलवर कसं जायचं म्हणून तू मला ओढलंस.

“मला पाण्याची भीती वाटते,” मी म्हटलं.

“तुला गॅसच्या सिलिंडरची पण वाटत होती. आता बदलते ना?”

पहिल्याच दिवशी छातीइतक्या पाण्यात मी तुझ्या दोन्ही दंडांना घट्ट धरून उभी होते. तू हळूच एक हात सोडवायला लागलीस तशी मी ओरडले, “वहिनी, तुम्ही सोडू नका, तुम्ही मला...” आणि तोंडात पाणी गेलं. तू इतकी हसलीस की बाकीच्या बायका थांबून बघायला लागल्या. म्हणालीस, “अगं, ‘तुम्ही’ म्हणत बसशील तर बुडशील. पाण्यात तू म्हण. घरात काय म्हणायचं ते म्हण.”

तेव्हापासून तसंच चाललं. स्कूटीवरून उतरेपर्यंत तुम्ही, कपडे बदलून पायरीवर आलो की तू. पाण्यात आपण जावा नव्हतो. कोणाच्या घरी कोण जेवायला येणार, आईंचं पथ्य, माझ्या नवऱ्याची बदली, हे सगळं कपड्यांच्या खुंटीवर राहायचं.

तुला पोहणं येत होतं, हे मला तिथेच कळलं. वीस वर्षांत तू कधी बोलली नव्हतीस. तुझे वडील तोफखान्याच्या फॅक्टरीत होते आणि दर रविवारी तुला नि दोन्ही भावांना नर्मदेच्या ग्वारीघाटावर न्यायचे. तू भावांपेक्षा पुढे जायचीस. “मग तेरा वर्षांची झाले,” तू सांगितलंस, “आणि आई म्हणाली, आता घाटावर बसून पाय बुडवायचे. चाळीस वर्षं पायच बुडवून राहिली मी.” हे तू रडत सांगितलं नाहीस. केस पुसता पुसता सांगितलंस, जसं भाजी महाग झाली म्हणून सांगावं तसं.

मला पोहता यायला एक अख्खा उन्हाळा लागला. पांडेजी, आपले कोच, काठावरून ओरडायचे, “मैडम, पानी से लड़ो मत! पानी ने आपका क्या बिगाड़ा है?” आणि तू शेजारून संथपणे जायचीस, पाण्याचा आवाजसुद्धा न करता.

मग बरगीची ती सहल. धरणाच्या जलाशयात आपण सगळे होडीतून फिरत होतो, आई डबा उघडून बसल्या होत्या, आणि तू समोरच्या टेकडीकडे बघत होतीस. होडीवाल्या बर्मन भैयांना विचारलंस की तिथपर्यंत किती असेल. ते म्हणाले, “पाँच किलोमीटर तो होगा दीदी.”

“म्हणजे जाऊन येऊन दहा,” तू मला म्हणालीस.

“कोणाचं जाऊन येऊन?”

“आपलं.”

मला वाटलं, गंमत करते आहेस. पण थंडीनंतर मार्चमध्ये पूल उघडला त्या दिवशी तू पांडेजींना सरळ विचारलंस. ते आधी हसले, मग तुझ्याकडे नीट बघितलं, मग हसायचे थांबले. पूल पंचवीस मीटरचा. दहा किलोमीटर म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चारशे वेळा. बायकांच्या बॅचला एक तास मिळायचा, त्यात कितीही केलं तरी ऐंशीच्या वर जात नव्हतो. मग पांडेजींनीच मार्ग काढला. सोमवारी पूल सफाईसाठी बंद असायचा; झाडूपोछा बाहेरच्या बाजूला चालू असताना आपण दोघींनी आत पोहायचं, आणि कोणाला सांगायचं नाही.

ते सोमवार आठवतात मला. रिकामा पूल, पाण्यावर पिंपळाची पानं, आणि आपण दोघी. तू घरून शंभर चिंचोके आणायचीस, काठावर ठेवायचीस. दर चार फेऱ्यांनी एक चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. पांडेजींनी नियम केला होता की भिंतीला हात लावायचा नाही. “वहाँ दीवार कहाँ मिलेगी, मैडम?” भिंतीच्या हातभर आधी वळायचं. डोळे मिटून सहा हात मारायचे, मग डोकं उचलून समोर बघायचं, परत डोळे मिटायचे. सरळ रेषेत जातो की नाही, ते कळायला. मी दर वेळी तिरपी जाऊन तुझ्या अंगावर यायचे. तू पाण्यातूनच म्हणायचीस, “बरगीत टेकडी सोडून मंडल्याला पोचशील तू.”

आणि श्वासाचं आपलं भांडण. तू दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायचीस, मी फक्त उजवीकडून. तू म्हणायचीस, उजवीकडून लाट आली तर काय करशील? मी म्हणायचे, तोपर्यंत लाट थांबेल. ते भांडण तसंच राहिलं. मी अजून उजवीकडूनच घेते.

दसऱ्यानंतरचा रविवार ठरला. धरणात पोहायच्या परवानगीसाठी तू स्वतः फाइल घेऊन फिरलीस. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, “नातवंडं खेळवायच्या वयात हे काय?” आणि दादा काहीच म्हणाले नाहीत, पेपर वाचत राहिले. आपण त्याला परवानगी समजलो.

ऑगस्टमधला तो सोमवार. एकशेवीस फेऱ्या झाल्या होत्या. तू मध्येच जाऊन भिंत धरलीस. तू भिंत कधी धरत नसायचीस. तुझे ओठ मला वेगळेच दिसले, जांभळे. “पोटरी आखडली,” तू म्हणालीस. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तुझी पिशवी बाकावरून पडली आणि त्यातून गोळ्यांची पाकिटं बाहेर आली, आणि घडी घातलेला कागद.

“हे काय आहे?”

“गोळ्या.”

“कशाच्या?”

“वाच ना. इंग्रजी शिकवते ना तू पोरांना.”

मी वाचला. हृदय मोठं झालंय, त्याची ताकद निम्म्यावर आलीय, असा त्याचा अर्थ होता. मे महिन्यातला रिपोर्ट होता. तू एकटी जाऊन तपासून आली होतीस आणि तीन महिने घरात कोणालाही कळू दिलं नव्हतंस.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“जास्त जोर करायचा नाही म्हणाले. मी कुठं जोर करून राहिली? पांडेजी तर रोज म्हणतात, ज़ोर मत लगाओ.”

मी हसले नाही. तेव्हा तू बाकावर बसलीस, ओला टॉवेल मांडीवर घेतलास आणि मला म्हणालीस, “शुभा, दसरा होऊ दे. मग मी स्वतः सांगते यांना. मग नागपूर म्हणा, ऑपरेशन म्हणा, जे म्हणाल ते करीन. हे एवढं मला करू दे.”

“आणि पाण्यात काही झालं तर?”

“तर झालं.”

“शपथ घालू नकोस मला.”

“शपथ नाही घालत,” तू म्हणालीस. “तू नाही सांगणार, मला माहीत आहे.”

शपथ घातली असतीस तर बरं झालं असतं, वहिनी. शपथ मोडता येते.

नऊ दिवस मी गप्प राहिले. त्या नऊ दिवसांत मी पोहलेच नाही, तुझ्यावर नजर ठेवत नुसते हात मारत राहिले. तुझा हात वर आला की हायसं वाटायचं, परत आत गेला की भीती. डोळ्यांसमोर सारखं एकच यायचं: बरगीचं पाणी, तू कुठे दिसत नाहीस, आणि काठावर दादा, पल्लवी, आई मला विचारताहेत, तुला माहीत होतं? हे तुला कधीच सांगितलं नाही मी. माझ्या भीतीत तू जितकी होतीस तितकीच मीही होते.

मग महालक्ष्म्या आल्या. घर भरलेलं, पल्लवी पुण्याहून आलेली, स्वयंपाकघरात सोळा भाज्यांचा वास. तू आंबिलीचं मोठं पातेलं उचललंस, दोन पावलं टाकलीस, आणि ते ओट्यावर आदळून खालीच बसलीस. हात छातीशी. आई म्हणाल्या, “काय झालं गं?” तू म्हणालीस, “काही नाही, उपाशी आहे ना, चक्कर आली.”

आणि मी बोलले. सगळ्यांसमोर. “चक्कर नाही, आई. वहिनींना हार्टचा त्रास आहे. मे महिन्यापासून गोळ्या घेऊन राहिल्या आहेत. त्यांनी पोहायला नको आहे.”

पल्लवीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. “मम्मी, ये काकू क्या बोल रही है?” दादा दारात केळीची पानं घेऊन उभे होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. दादांकडे बघितलंस. ते पानांकडे बघत म्हणाले, “उद्यापासून पूल बंद.”

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं विसर्जन झाल्यावर तू मला जिन्यात गाठलंस. ओरडशील असं वाटलं होतं. तू कठड्याला धरून, हळू आवाजात म्हणालीस, “तू मला नाही वाचवलं, शुभा. तू स्वतःला वाचवलं.”

मी म्हटलं, “वहिनी, तुम्हाला कळत नाही...” तू मान हलवलीस आणि वर न येता परत खाली गेलीस. मी ‘तुम्ही’ म्हटलं होतं. जिना घरातच होता, म्हणून म्हटलं असेल. पण ते तिथून पुढे तसंच राहिलं.

नागपूरचे मोठे डॉक्टर झाले, गोळ्या बदलल्या, मीठ बंद झालं. तू माझ्याशी बोलायचीस, पण घरात जितकं बोलावं लागतं तितकंच. दूध आलं का. आईंची बीपीची गोळी दिली का. मी पूलवर जाणं सोडलं. बरगीचं बारगळलंच, असं धरून चालले होते.

अडीच आठवडे गेले असतील. सोमवारी सकाळी तू वर आलीस, हातात माझी पूलची बॅग.

“चल.”

“कुठे?”

“तुझे चारशे व्हायचे आहेत अजून.”

तू पाण्यात उतरली नाहीस. साडी नेसून, प्लास्टिकच्या खुर्चीत, काठावर बसलीस, मांडीवर वाट्या घेऊन. पांडेजी बिचारे तुझ्याशी काय बोलावं ते न कळून पाइप गुंडाळत राहिले. मी पाण्यात आणि तू बाहेर, असं आपलं पुढचे दोन-तीन आठवडे चाललं. तू माझी चूक सांगायचीस. कोपर वर. डोकं खाली. वाकडी चालली. कौतुक एकदाही केलं नाहीस. मी थांबले की विचारायचीस, “काहून थांबली?” आणि मी परत सुरू करायचे. मला वाटायचं, ही शिक्षा आहे. मग वाटायचं, हे प्रेम आहे. तू गेल्यावर इतका विचार केला, अजून ठरत नाही. दोन्ही असेल.

तुला नावेत बसायला द्यायलाही घरात कोणी तयार नव्हतं. तू दादांना म्हणालीस, “बसायला तर हृदय लागत नाही ना?” ते म्हणाले, बस.

तो रविवार. धरणावर उजाडताना पोचलो. पांडेजींना रविवारच्या गर्दीत पूल सोडता आला नाही, म्हणून नावेत बर्मन भैया, त्यांचे भाऊ आणि तू. दादा काठावर राहिले. मी पाण्यात शिरले तेव्हा तू नुसतं म्हणालीस, “जा.”

पाणी हिरवं होतं आणि आपलाच हात दिसत नव्हता. पूलमध्ये खाली फरशीवरची काळी रेघ असते, इथे काहीच नव्हतं. पहिल्या तासात मला इतकं एकटं वाटलं की रडू आलं. मग तुझी शिट्टी ऐकू आली, डावीकडून. मी वाकडी गेले होते. डोकं उचललं तर तू नावेत उभी राहून हातानं टेकडी दाखवत होतीस. त्यानंतर मी टेकडीकडे बघितलंच नाही. तुझ्या हाताकडे बघत पोहले.

त्या काठाचा दगड शिवून मी परत फिरले. सातव्या किलोमीटरच्या आसपास वारा पडला. तू दोरीला बांधून मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली सोडलीस, मी उताणी होऊन पीत होते. बर्मन भैयांनी वल्हं थांबवलं आणि पाण्याकडे बोट केलं. “यहीं कहीं हमारा खेत था दीदी. नीचे. बाँध बनने के पहले.”

“क्या बोते थे भैया?” तू विचारलंस.

“मसूर.”

तू वाकून पाण्यात बघत राहिलीस. खाली काही दिसत नव्हतं, तरी बघत राहिलीस. मग तू हात पाण्यात घातलास, कोपरापर्यंत, आणि तुझ्या कुर्त्याच्या गळ्यातून मला निळी पट्टी दिसली. तू आतून पोहायचा कॉस्च्युम घालून आली होतीस.

“शुभा,” तू म्हणालीस, “पाच मिनिटं उतरते.”

मी बाटली परत तोंडाला लावली.

“नाव धरून राहीन. सोडणार नाही. पाच मिनिटं.”

बर्मन भैया म्हणाले, “उतर जाने दो दीदी को. हम दो आदमी हैं, रस्सी बाँध देंगे.”

पाणी काचेसारखं होतं, वहिनी. ऊन होतं. दोन माणसं होती, दोर होता, मी होते. आणि मी म्हटलं, “नको, वहिनी. तुम्ही बसा.”

पाण्यात असून मी तुला ‘तुम्ही’ म्हटलं.

तू हात बाहेर काढलास, ओढणीला पुसलास. बर्मन भैयांना म्हणालीस, “रहने दो भैया. ये मना कर रही है.” आणि मला म्हणालीस, “चल, तीन राहिले.”

मी ते तीन कसे केले मला आठवत नाही. पाच तास बावन्न मिनिटं लागली, हे तूच सगळ्यांना सांगितलंस. काठावर दादांनी टॉवेल धरला होता, आईंनी ओवाळायचं ताट पाठवलं होतं, माझा नवरा फोनवर फोटो काढत होता. तू नावेतून उतरून माझ्या पाठीवर हात ठेवलास. तो हात अजून ओला होता. कोरडा झाला नव्हता, की तू परत पाण्यात घातला होतास, माहीत नाही. तू एवढंच म्हणालीस, “उजवीकडूनच श्वास घेतला शेवटपर्यंत. हट्टी आहेस.” माझ्या वाट्याला तेवढं कौतुक आलं, आणि मला ते पुरलं.

त्या रात्री आई म्हणाल्या, घरात कोणी असं काही केलं नव्हतं. तू वाढत होतीस. मला तेव्हाच म्हणायचं होतं की हे माझं नाही, हिचं आहे, हिनं टेकडी बघितली, हिनं चिंचोके आणले, मी फक्त हात मारले. माझ्या तोंडात घास होता. तो गिळून होईपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलं.

मग थंडी आली. तुला जिना चढवेनासा झाला, म्हणून मी खाली यायचे. तू भाजी निवडायचीस, मी शेजारी पोरांच्या वह्या तपासायचे. एकदा मी म्हटलं, “मार्चमध्ये पूल उघडेल, तुम्ही नुसत्या उथळ पाण्यात...” तू म्हणालीस, “बघू.” मेथीची जुडी उलटी करून झटकलीस. तेवढंच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तू जेवून आडवी झालीस आणि चहाच्या वेळेला उठली नाहीस. आईंनी मला हाक मारली. मी धावत खाली आले. तू कुशीवर होतीस, उजव्या हातावर गाल ठेवून. दादा पलंगाच्या कडेला बसले होते आणि तुझी चादर नीट करत होते, परत परत, जिथे नीट होती तिथेच.

पाण्यात नाही गेलीस तू. आम्ही सगळ्यांनी मिळून तुला पाण्यापासून वाचवलं, आणि तू पलंगावर गेलीस, सहा महिन्यांच्या आत. जास्तीचे किती दिवस मिळवून दिले मी तुला, आणि त्यांत तू काय केलंस, हा हिशेब मी मांडायला घेते आणि सोडून देते.

आता ते सांगते ज्यासाठी लिहायला बसले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा वर आले. ते कधी वर येत नाहीत, धाकट्या भावाच्या बायकोच्या खोलीत भासऱ्यानं येऊ नये, हे त्यांनी इतकी वर्षं पाळलं. दारातच उभे राहिले. मी खुर्ची दिली, ती त्यांनी दाराशी ओढून घेतली.

“शुभा, मला जूनपासून माहीत होतं.”

मला आधी कळलंच नाही, कशाबद्दल बोलताहेत.

“घराची कागदं शोधत होतो. कपाटात पेपराखाली तिचा रिपोर्ट सापडला. मी जाऊन त्या डॉक्टरांना भेटलो. विचारलं, पोहण्यानं काही होईल का. ते म्हणाले, हो भी सकता है, नहीं भी. मी घरी येताना ग्वारीघाटावर गाडी लावून बसलो. तासभर बसलो. मग ठरवलं, करू दे.”

“तुम्ही तिला बोलला नाहीत?”

“ती लपवून राहिली होती ना. मी बोललो असतो तर मग मला नाही म्हणावं लागलं असतं. पांडेजींना सांगून ठेवलं होतं, लक्ष ठेवा. बर्मनला सांगितलं होतं, भावाला घेऊन ये, दोन माणसं पाहिजेत, दोर ठेव.”

दोर. मी खिडकीचा गज धरला.

“मग त्या दिवशी अडवलं काहून?” मी विचारलं. रागानं विचारलं, वहिनी. आजवर दादांशी मी तसं बोलले नव्हते.

ते हाताच्या नखांकडे बघत बोलले. “तू सगळ्यांसमोर बोललीस. आई होती, पल्लवी होती, पाहुणे होते. त्यांच्यासमोर मी काय म्हणणार? मला माहीत आहे, जाऊ द्या तिला? नवऱ्यानं असं म्हणायचं असतं का?” आणि मग, “म्हणायला पाहिजे होतं. हिंमत नाही झाली.”

“नंतर? नंतर तरी तिला सांगितलं?”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

वहिनी, तुला हे माहीत नव्हतं. महालक्ष्म्यांच्या त्या दिवशी तू दारात त्यांच्याकडे बघितलंस तेव्हा तुला वाटलं असेल, आत्ता कळलं त्यांना. ते जूनपासून रोज तुला स्कूटीवर बॅग ठेवताना बघत होते, आणि गप्प होते. घरात तुझ्या बाजूनं एक माणूस होता. तू त्याच्यापासून लपवत होतीस, तो तुझ्यापासून लपवत होता, आणि तुमच्या दोघांच्या मधोमध मी जाऊन बोलले. मी सांगितलं ते चूक होतं असं मला अजूनही पूर्ण म्हणवत नाही. परत तसा प्रसंग आला तर कदाचित परत सांगेन, पण तुमच्या दोघांना एका खोलीत बसवून, दार लावून सांगेन. एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

आणि बरगीतली ती पाच मिनिटं. त्याबद्दल माझ्याकडे काहीच नाही, ना कारण, ना सबब. ती द्यायला हवी होती.

तू मला काय दिलंस ते सांगायला घेतलं तर तुला आवडणार नाही, ‘भाषण देऊन राहिली’ म्हणशील. एकच सांगते. चव्वेचाळिसाव्या वर्षी तू माझ्या दंडाखालचा हात काढून घेतलास, आणि मी बुडले नाही. त्याआधी कोणी माझा हात सोडून बघितला नव्हता.

गेल्या आठवड्यात पूल उघडला. मी जाणार नव्हते. पण दादा म्हणाले, मला ती जागा दाखव. पांडेजींना फोन केला, ते म्हणाले, सोमवार को ले आइए, कोई नहीं रहता. दादांना पोहता येत नाही, तुला माहीतच आहे. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर घेतलेली हाफ पँट घालून ते पायरीवर उभे राहिले, बनियन तसंच ठेवून. पांडेजींनी त्यांचा हात कठड्यावर ठेवून दिला आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले.

“ती कुठून पोहायची?” त्यांनी विचारलं.

मी डावीकडची दुसरी पट्टी दाखवली. ते कठडा धरून कडेकडेनं तिथे गेले, आणि छातीइतक्या पाण्यात उभे राहिले. पाय हलवले नाहीत, हात हलवले नाहीत. दहा मिनिटं तसेच. मग थरथरायला लागले तेव्हा मी हात देऊन त्यांना वर घेतलं. टॉवेल पाठीवर टाकला. त्यांचे दात वाजत होते.

“एवढं गार असतं?” ते म्हणाले. “अलका कधी बोलली नाही.”

“पहिल्या दोन फेऱ्या लागतं गार,” मी म्हटलं. “मग नाही लागत.”

त्यांनी टॉवेल काढून माझ्या हातात दिला, आणि परत पायरी उतरले.